टांटे हेनीसकट वजन

“परत वजन कर,” लायल म्हणाला.

आर्डिथने परत केलं. लायलने आपली मस्टँग वजनकाट्यावरून खाली घेतली, आवारात वळसा घालून पुन्हा वर चढवली आणि इंजिन बंद करून तिच्या खोलीच्या खिडकीकडे बघत राहिला. आर्डिथने आकडा वाचला, छापला आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर धरली. तीन हजार आठशे ऐंशी पौंड. पहिल्या वेळी आला होता तोच आकडा.

“तीन हजार सातशे यायला हवेत,” लायल म्हणाला. “दोनशे साठ पौंड उतरवलेत मी. मागची सीट काढली, स्टेपनी काढली. चाकं, बॅटरी, सायलेन्सर, सगळं हलक्यातलं घातलं. पुढच्या सीटासुद्धा रेसच्या बसवल्या. कुठल्या वस्तूने किती कमी झालं ते कागदावर लिहिलंय मी.”

“कागदाचं वजन मी केलेलं नाही,” आर्डिथ म्हणाली. “गाडीचं केलंय.”

मी हसलो. तेवढं हसलो नसतो तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं. पण माझ्यामागे मक्याचे दोन ट्रक उभे होते, त्यांचे ड्रायव्हरही हसले, आणि लायलचा चेहरा मानेपासून लाल झाला. तो बियाणं विकतो. चारचौघांत आपल्यावर कोणी हसलेलं त्याला परवडत नाही.

“मग तुझा काटाच खोटा आहे, बाई,” तो म्हणाला आणि निघून गेला.

आमच्या गावच्या धान्यकोठीत आर्डिथ पोस्टमा एकतीस वर्षं काट्यावर बसते. मी तिथेच धान्य उतरवून घेतो, त्यामुळे त्यातली बावीस वर्षं मी स्वतः पाहिली आहेत. भरलेला ट्रक चढतो, आकडा येतो. रिकामा ट्रक चढतो, आकडा येतो. मधल्या फरकाची चिठ्ठी ती शेतकऱ्याच्या हातात देते. शेतकरी चिठ्ठीची घडी करून शर्टाच्या खिशात टाकतो आणि हवापाण्याचं बोलू लागतो. चिठ्ठी वाचत कोणीच नाही. तिची खरी मिळकत हीच होती, पण तसं तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलणं तिच्या स्वभावात फारसं नाहीच.

मोटारींचं वेड मात्र तिला आमच्याइतकंच. मिशिगनमध्ये जन्मलेल्या माणसाला ते गोवरासारखं लहानपणीच होऊन जावं लागतं. तिच्याकडे चॅलेंजर होती, पण सहा सिलिंडरची. लायलची मस्टँग आणि माझी कॅमेरो, दोन्ही आठ सिलिंडरच्या. त्यामुळे ट्रूडीच्या हॉटेलात सकाळच्या कॉफीला आमचा वाद सुरू झाला की आर्डिथच्या गाडीला आम्ही ‘सोफा’ म्हणायचो. माझ्या कॅमेरोइतकी वळणावर चिकटून चालणारी गाडी तिघांत दुसरी नाही, आणि वजनालाही तीच सगळ्यात हलकी, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तिच्या खिडक्या इतक्या अरुंद आहेत की मागे घेताना देवाचं नाव घ्यावं लागतं, हेही खरं. मस्टँग सरळ रस्त्यावर सगळ्यांत पुढे. आणि चॅलेंजर बुजुर्गांसारखी जड, ऐसपैस, कशाचीच घाई नसलेली.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं अडतीस मैलांवरच्या शर्यतीच्या पट्टीवर जातो. त्याआधीच्या सोमवारी तिन्ही गाड्यांचं वजन आर्डिथच्या काट्यावर होतं. कुठली गाडी आरामाची, याचा निकाल देते तिची मावशी हेनी, आमच्या डच बोलीत टांटे हेनी. वय एकोणऐंशी, कंबर दुखरी, जीभ ठणठणीत. दर वर्षी ती वेगळ्या गाडीतून येते. हिवाळ्यातल्या बर्फाने तो रस्ता असा उखडतो की अडतीस मैलांत माणसाच्या पाठीला सगळं कळतं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या कॅमेरोतून आली. कशी वाटली विचारलं तर म्हणाली, टपालाच्या पेटीत पडून प्रवास केला, पत्ता तेवढा कोणी लिहिला नव्हता. गेल्या वर्षी मस्टँगला तिने बरे गुण दिले, पण तेव्हा लायलच्या सीटा जुन्याच होत्या.

तर सोमवारी लायल तसं बोलून गेला. मंगळवारी सकाळी ट्रूडीकडे त्याने तेच पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं. सरकारी माणूस काटा तपासून गेला तो मार्चमध्ये, त्यानंतर बर्फ वितळला, जमीन वर आली, काट्याखालचं काँक्रीट कलंडलं असणार. “माझ्या गाडीत एकशे ऐंशी पौंडांची चूक, मग मक्याच्या ट्रकमध्ये किती? हिशोब तुम्हीच करा.” एवढं बोलून तो अंडी खाऊ लागला. टेबलाभोवती पाच शेतकरी ऐकत होते. मी मूग गिळून बसलो. आर्डिथच्या काट्याबद्दल त्या खोलीत सगळ्यात जास्त मला माहीत होतं, आणि मी साखर ढवळत राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. लायलशी माझी शाळेपासूनची दोस्ती आहे, एवढंच.

त्याच दुपारी म्हातारा आर्नी टेन हाकन कोठारातला उरलेला मका घेऊन आला. आर्डिथने चिठ्ठी दिली. आर्नीने ती घडी न करता हात लांब करून डोळ्यांसमोर धरली आणि वाचली. मग पुन्हा वाचली. “बरोबर असेल ना गं?” त्याने विचारलं, अगदी साधेपणाने. एकतीस वर्षांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं. ती “हो” म्हणाली. तो गेल्यावर तिने खिडकी लावून घेतली आणि पाच मिनिटं पुढच्या ट्रकला वर बोलावलंच नाही. त्या पाच मिनिटांत मला माझी स्वतःची इतकी लाज वाटली की मी जाऊन खराटा घेऊन उगाचच झाडलोट केली.

शुक्रवारपर्यंत सगळेच चिठ्ठ्या वाचायला लागले होते. कोठीचा मॅनेजर चांगला माणूस आहे, पण तोही म्हणाला की सरकारी माणसाला पुन्हा बोलवावं, लोकांच्या मनातलं निघून जाईल. आर्डिथ म्हणाली, बोलवा. पण मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं की एकदा शिरलेला संशय सरकारी शिक्क्याने जात नाही.

“उद्या येणारेस ना?” मी विचारलं.

“येणार. टांटेची पाळी माझ्या गाडीत आहे.”

शनिवारी सकाळी निघण्याआधी तिने चॅलेंजर काट्यावर घेतली. सोमवारी आत ती एकटी असताना गाडीचं वजन झालं होतं चार हजार साठ. आज टांटे हेनी शेजारी बसलेली. “माझे एकशे पन्नास धर,” टांटे म्हणाली. आर्डिथने मला आत पाठवून आकडा वाचायला लावला. चार हजार दोनशे चाळीस. म्हणजे टांटे एकशे ऐंशी. मी ओरडून सांगितलं तेव्हा टांटेने काच वर करून घेतली. आर्डिथने मात्र तो आकडा डायरीत लिहिला. टाकी किती भरली आहे तेही लिहिलं.

आमच्या पट्टीवरची शर्यत कशी असते ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पाव मैल सरळ रस्ता, दोन-दोन गाड्यांची जोडी. पण जो आधी पोचला तो जिंकला, असं नाही. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंद घेणार ते बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर आधीच लिहायचं. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढी हळू गाडीला आधी सोडतात. दोघांनी लिहिल्याप्रमाणे गाडी चालवली तर दोघं एकदमच पोचणार. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. जास्त वेळ लागला तर दुसरा पुढे जातो. थोडक्यात, इथे वेगवान माणूस जिंकत नाही. स्वतःला ओळखणारा जिंकतो.

मी पहिल्याच फेरीत बाद झालो. सोमवारी माझी टाकी भरलेली होती, शनिवारी अर्धी. ते वजन मी हिशोबात धरलंच नाही, आणि लिहिलेल्यापेक्षा चार शतांश सेकंद लवकर पोचलो. शंभर पौंडांमागे साधारण एक दशांश सेकंद जास्त लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बावीस वर्षं वजनकाट्याशेजारी घालवून मी हे दिवे लावले.

सकाळच्या सरावात लायलने बारा पूर्णांक अडुसष्ट सेकंद घेतले होते. म्हणजे काचेवर बारा अडुसष्टच लिहायला हवे. तो पॉलिशची बाटली हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने लिहिलं बारा पन्नास.

“अरे, सकाळी अडुसष्ट आलेत,” मी म्हटलं.

“वारा होता.”

वारा नव्हता. पंचांच्या मनोऱ्यावरचा झेंडा काठीला चिकटून होता. पण त्याचं मन मला कळलं. मागच्या ऑक्टोबरात त्याच्या गाडीचं वजन होतं तीन हजार नऊशे साठ आणि वेळ बारा शहात्तर. दोनशे साठ पौंड खरंच उतरले असतील तर वेळ बारा पन्नास यायला हवा. अडुसष्ट लिहिलं की आर्डिथचा काटा खरा ठरला, तेही स्वतःच्या हाताने, काचेवर, सगळ्यांना दिसेल असं. त्यापेक्षा हरणं त्याला सोपं वाटलं.

आमच्या गावचे बरेच लोक आले होते, आणि भांडण मनोऱ्यावरच्या माणसाच्याही कानावर गेलेलं. त्याने मुद्दाम त्या दोघांची जोडी लावली. आर्डिथ टांटेला उतरवायला गेली तर टांटे उतरेना.

“आठ महिन्यांनी आज कुठे माझी पाठ टेकलीय,” ती म्हणाली. “प्रेक्षकांच्या त्या फळीवर जाऊन मी बसणार नाही. तुला पळवायची ती पळव.”

चौदा सेकंदांपेक्षा हळू गाडीत शेजारी माणूस बसलेला चालतो, असा तिथला नियम. टांटेच्या शुक्रवारीच सेट केलेल्या केसांवर हेल्मेट चढलं. लोक हसत होते. सहा सिलिंडरचा सोफा, त्यावर म्हातारी. लायलसुद्धा हसला. आर्डिथने काचेवर आधीच चौदा बासष्ट लिहिलं होतं. तिने फडक्याने ते पुसलं, डायरी उघडून पाहिली आणि नवा आकडा घातला: चौदा ऐंशी. त्या अठरा शतांशांचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना कळला होता. टांटे म्हणते एकशे पन्नास, काटा म्हणतो एकशे ऐंशी, आणि आर्डिथने काट्याचं लिहिलं. आता घड्याळ बोलणार होतं, आणि ते घड्याळ काही आमच्या कोठीचं नव्हतं.

दिव्यांच्या खांबावर तिचा हिरवा आधी लागला. चॅलेंजर निघाली ती दूधगाडीसारखी, न उसळता, न घसरता. लायल उभाच. दोन सेकंद आणि वर तीस शतांश तो मूठ आवळून थांबला आणि मग मस्टँग अशी सुटली की फळ्या थरथरल्या. मी आयुष्यात प्रथमच दोस्त हरावा म्हणून ओठ चावत होतो. तो तिला गाठत आला, गाठत आला, आणि गाठायच्या आत पट्टी संपली.

फलकावर आकडे आले. लायल बारा एकोणसत्तर. आर्डिथ चौदा एक्याऐंशी.

फक्त एका शतांशाचा फरक, तोही टांटे हेनीसकट. आमच्या गावचे लोक उभे राहिले. आर्नी टेन हाकनने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखा हातातच धरून राहिला.

पट्टीशेजारच्या, गाड्या मागे आणायच्या रस्त्यावर लायल गाडीला टेकून उभा होता. मला वाटलं होतं, आर्डिथ आता त्याला चार शब्द सुनावेल, आणि तिने सुनावले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ती गाडीतून उतरली, हेल्मेट बगलेत धरून त्याच्यापाशी गेली.

“दोनशे साठ उतरवलेस, हे खरं?” तिने विचारलं.

“आईची शपथ.”

“मला पटतं. तू बढाई मारतोस, खोटं बोलत नाहीस. लहानपणी बापाच्या ट्रकमधून यायचास तेव्हापासून बघतेय तुला.” ती थांबली. “काटाही खोटं बोलत नाही. तो म्हणतो ऐंशीच उतरले. आणि वेळही ऐंशी पौंडांपुरताच कमी झालाय. म्हणजे तुझ्याही गाडीत कोणीतरी टांटे हेनी बसलीय, लायल. एकशे ऐंशी पौंडांची. डिकी उघड.”

त्याने डिकी उघडली. आत काही नव्हतं, स्वच्छ चटई घातलेली. तो काही बोलणार, तेवढ्यात आर्डिथ वाकली आणि तिने चटई उचलली.

स्टेपनीच्या रिकाम्या खड्ड्यात वाळूच्या तीन पिशव्या होत्या. नोव्हेंबरात आमची कोठीच त्या विकते. साठ-साठ पौंडांच्या. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून जो तो डिकीत टाकतो आणि एप्रिलमध्ये काढून वाफ्यात ओततो. आर्डिथने तिच्या कधीच ओतल्या होत्या, मीसुद्धा. या तिन्ही एकमेकींना खेटून इतक्या नीट बसवल्या होत्या की चटईला सुरकुतीही नव्हती.

लायलची बायको जोलीन थर्मास घेऊन आमच्या मागे उभी होती. “मीच ठेवल्या,” ती म्हणाली. “डिसेंबरात. तू एकेक वस्तू काढत सुटला होतास आणि त्याच गाडीने गिऱ्हाइकांकडे जात होतास, बर्फातून. सांगितलं असतं तर त्यापण काढल्या असत्यास.” मग हळूच म्हणाली, “काढायच्या राहून गेल्या.”

लायल त्या पिशव्यांकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मला त्याची दयाही आली आणि हसूही. शेवटी त्याने पिशव्या एकेक करून उचलल्या आणि स्वतः नेऊन कुंपणाशी ठेवल्या. प्रत्येक पिशवी सगळ्यांच्या समोरून नेली. तिसरी ठेवून तो परत आला आणि आर्नीसमोर उभा राहिला, कारण गावच्या लोकांत तोच सगळ्यात पुढे होता.

“काटा खरा आहे,” तो म्हणाला. “मी ट्रूडीकडे जे बोललो ते चुकीचं बोललो. सोमवारी तिथेही सांगतो.”

मग मीही पुढे झालो आणि म्हणालो की मला हे मंगळवारीच माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आर्डिथने माझ्याकडे पाहिलं. “साखर ढवळत होतास म्हणे,” ती म्हणाली. ट्रूडीने तिला सगळं सांगितलं होतं तर. त्यापेक्षा जास्त ती मला कधी काही बोलली नाही.

लायल स्पर्धेतून बाद झाला होता, पण सरावाची एक धाव शिल्लक होती. पिशव्यांविना त्याने बारा एक्कावन्न घेतले, आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या आर्डिथने वाजवल्या. तिने पुढच्या तिन्ही फेऱ्या जिंकल्या. शेवटच्या फेरीतला प्रतिस्पर्धी घाईघाईने लिहिल्यापेक्षा आधी पोचला आणि बाद झाला. टांटे हेनी एकदाही उतरली नाही. आरामाचा निकाल विचारला तर म्हणाली, निकाल कसला, मी दोन फेऱ्यांच्या मधे झोपले होते. वजनाने सगळ्यात जड, वेगाने सगळ्यात मागे, आणि चषक सोफ्याला. वर्षभर ट्रूडीकडे आता हेच ऐकावं लागणार, हे लायलला आणि मला तिथेच कळून चुकलं.

सोमवारी सकाळी पहिला ट्रक आर्नीचा. आर्डिथने आकडा छापला. खिडकीत चिठ्ठ्यांवर वजन म्हणून तो चषक ठेवला होता, तो बाजूला सारून तिने चिठ्ठी बाहेर धरली. आर्नीने ती घेतली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

“बघ तरी,” ती म्हणाली.

“कशाला?” आर्नी म्हणाला, आणि गुरुवारी पाऊस आहे का, ते विचारू लागला.